बाळंतपणाच्या खोलीत झालं ते कॅज्युअल्टीत का होत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पाऊस लागला की आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी येतेच येते, शेतात पान लागलं म्हणजे साप चावला, जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं आणि वाटेतच जीव गेला. पुढं कापसाच्या फवारणीत तशीच बातमी, एप्रिल-मे मधी उन्हाची. खाली नातेवाईकांचा आरोप की डॉक्टरनं हयगय केली, आणि डॉक्टरची बाजू आलीच तर एका ओळीत. मी सरकारी नोकरीत अधिपरिचारिका होते, परभणी-हिंगोलीकडच्या ग्रामीण दवाखान्यांत माझी सगळी नोकरी गेली, त्यात जास्ती करून रातपाळ्या, आणि या बातम्या वाचल्या की मला वाटतं खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्या रात्री ड्युटीवर जो डॉक्टर होता त्याला साप चावलेला, औषध पिलेला, झटके आलेला पेशंट कसा सांभाळायचा याचं ट्रेनिंग शेवटचं कधी मिळालं होतं? मिळालं तरी होतं का?

हयगय करणारे डॉक्टर मी फार कमी बघितले. घाबरलेले मात्र खूप बघितले. शिक्षण संपल्यावर सक्तीच्या सरकारी नोकरीचं, बॉण्डचं एक वर्ष करायला आलेली पोरं-पोरी असतेत, चोवीस-पंचवीस वय, हुशार लेकरं, पण कॉलेजात कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या पेशंटच्या विभागात, त्यांच्या मागं सीनियर उभा असतो, भूलतज्ज्ञ हाकेवर असतो, आयसीयू जिना चढला की आहे. इथं रात्री दोन वाजता डॉक्टर एक, सिस्टर एक, शिपाई असला तर असला, आणि बाहेर टेम्पोतून आलेली सगळी भावकी. अशा वेळी पुस्तकातलं आठवत नाही, हाताला जे सवयीचं आहे तेच होतं. हाताला सवय नसेल तर पेन उचललं जातं आणि केसपेपरवर ‘रेफर’ लिहिलं जातं. आणि नुसती नव्या पोरांचीच गोष्ट नाही, वीस-पंचवीस वर्षं ओपीडी केलेल्या डॉक्टरांचंही तेच होतं, कारण त्यांनी शिकलेलं आता बदललंय आणि बदललेलं त्यांना कुणी येऊन सांगितलं नाही.

सापाचंच घ्या. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार महत्त्वाचे, आणि आपल्याकडची एएसव्ही, म्हणजे सापाचं विष उतरवायची लस, या चौघांवरच चालते. यातली मण्यार सगळ्यात फसवी. शेतातल्या आखाड्यावर किंवा घरात खाली झोपलेल्या माणसाला रातच्याला चावते, चावल्याचं त्याला कळत नाही, दाताची खूण दिसत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, उलटी होते, घरचे म्हणतेत रात्रीचं कालवण बाधलं, आणि डॉक्टरला सांगतानाही तेच सांगतेत. मंग ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं की दोन तासांनी पापण्या उचलत नाहीत, थुंकी गिळता येत नाही आणि श्वास थांबायला लागतो. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेला माणूस खाली झोपला होता का एवढं एक विचारायचं आणि त्याला वर बघायला लावून पापण्या बघायच्या, या दोन गोष्टींनी माणूस वाचतो. श्वास गेला तरी ॲम्बू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत दाबत नेलेला पेशंट व्हेंटिलेटरवर राहून चालत घरी जातो, मी बघितलंय. पण अर्धा-पाऊण तास मास्क नीट धरून बॅग दाबणं हे हाताचं काम आहे, ते व्याख्यान ऐकून येत नाही.

घोणशीची तऱ्हा वेगळी, रक्त गोठत नाही. त्यासाठी टेस्ट अशी आहे की ती कुठल्याही पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, होते, लॅब नको की मशीन नको. स्वच्छ कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमधी २ मिली ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं, पातळ राहिलं तर विष रक्तात आहे. आता यात ट्यूब काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही, आणि २० मिनिटं म्हणजे घड्याळ लावून २० मिनिटं. हे बारीक कुणी दाखवलंच नसेल तर टेस्ट चुकते आणि मंग सगळंच चुकतं. एएसव्ही द्यायची ठरली तर सुरुवातीला ८ ते १० व्हायल (बाटल्या) सलाइनमधून, लहान लेकराला पण तेवढीच, कारण सापानं विष लेकराचं वय बघून सोडलेलं नसतं. आधी कातडीखाली थोडी टोचून टेस्ट डोस बघायची जुनी पद्धत बंद करायला सांगितलेलं आहे तरी कितीतरी ठिकाणी ती चालूच होती. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे रिॲक्शन. या भीतीपायी कपाटात व्हायल असून पेशंट कोरडाच पुढं गेला असं होतं. रिॲक्शनवर औषध ॲड्रेनलीन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच. पण आपल्याकडं हात आधी एव्हिल आणि डेक्सा या ॲलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनांकडंच जातो, ॲड्रेनलीनची ॲम्प्युल ट्रेमधी पडून एक्स्पायर होते. पेनिसिलीनची रिॲक्शन असो, गांधीलमाशी चावलेली असो, तिथंही हेच.

विषारी औषधाचं तर विचारूच नका. आपल्या मराठवाड्यात ज्या घरात कापूस-सोयाबीन आहे त्या घरात फवारणीचं औषध आहे, आणि कर्जाचं टेन्शन पण त्याच घरात आहे. रोगर, मोनो असलं काही पोटात गेलं किंवा फवारताना अंगावर पडलं की तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर. यावर ॲट्रोपिन. आता हिशोब बघा, ॲम्प्युल असते ०.६ मिलिग्रॅमची आणि मोठ्या माणसाला पहिला डोस लागतो १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ ॲम्प्युल एकदम, आणि छाती मोकळी झाली नाही तर दर ५ मिनिटांनी दुप्पट, मंग दहा, मंग वीस. ज्यानं हे कधी केलेलं नाही त्याचा हात दोन ॲम्प्युलवर थांबतो, कारण त्याला वाटतं एवढं ॲट्रोपिन म्हणजे आपणच पेशंटला मारतोय. जुने डॉक्टर डोळ्याची बाहुली मोठी झाली का ते बघत बसायचे, आता सांगतेत की छाती ऐका, घरघर गेली का, ठोके ८० च्या वर गेले का, बीपी धरलं का. बाहुलीच्या नादात मिनिटं जातेत आणि पेशंट स्वतःच्याच फेसात गुदमरतो. त्याच्या उलट तणनाशकातलं पॅराक्वाट पोटात गेलं असेल तर ऑक्सिजन सरसकट लावायचा नसतो, त्यानं फुफ्फुस अजून बिघडतं. म्हणजे एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारतं, आणि हे रात्री दोन वाजता पाच मिनिटांत ठरवायचं असतं. म्हणून तर डबा सोबत आणा म्हणून आम्ही ओरडत असतो.

वैद्यकातलं ज्ञान बदलतं हे सामान्य माणसाला माहीत नसतं. एके काळी बीपी फार वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली सोडायची हीच पद्धत होती, सगळे करायचे, नंतर कळलं की बीपी एकदम खाली येऊन त्यानंच पॅरालिसिस आणि हार्टचा झटका येऊ शकतो, १९९६ च्या सुमारास जगातल्या मोठ्या जर्नलांत हे बंद करा म्हणून छापून आलं, आणि आमच्याकडं त्यानंतर कितीतरी वर्षं कॅप्सूल टोचणं चालूच होतं. हृदय बंद पडलेल्याला आधी श्वास द्यायचा का आधी छाती दाबायची, २०१० ला तो क्रमच बदलला. उष्माघातात अंग ४० डिग्री सेल्सियसच्या वर गेलेल्या, बरळणाऱ्या माणसाला पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, गाडीत घालायच्या आधी पाणी, पंखा, बर्फ लावून थंड करायचं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी १० मिनिटांत. पॅरालिसिसमधी गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत, त्यातला निम्मा वेळ आपल्याकडं रस्त्यात जातो म्हणून गावातल्या डॉक्टरनं ओळखायला एक मिनिटही उशीर करून चालत नाही.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं आपल्याच्यानं होणार नाही असं कुणी म्हणू नये, कारण त्याच दवाखान्यात, त्याच छपराखाली, वीस पावलांवर असलेल्या बाळंतपणाच्या खोलीत हे झालेलं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा बाळंतपणात झटके आले की सगळे हात जोडायचे आणि बाई पुढं पाठवायची. मंग आम्हाला ट्रेनिंगं मिळाली, नुसती भाषणं नाही, पुतळ्यावर हात फिरवून घ्यायचे, मागं उभं राहून बघायचे, चुकलं की परत करायला लावायचे. झटके थांबवायचं मॅगसल्फ कसं भरायचं, दोन्ही बाजूंना ५-५ ग्रॅम खोल स्नायूत देऊनच बाई गाडीत चढवायची, हे उपकेंद्रातल्या नर्सबाईपर्यंत, एएनएमपर्यंत शिकवलं. भिंतीवर चार्ट लागले, झटक्याचा ट्रे वेगळा, रक्तस्रावाचा ट्रे वेगळा, दर पाळीला तपासून सही. बाळंतपणानंतर फार रक्त जात असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करायचं औषध तीन तासांच्या आत दिलं तर फायदा हे २०१७ ला मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालं आणि ते आमच्या ट्रेपर्यंत पोचलं. त्याच वर्षी केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला आणि लेबर रूमची तपासणी व्हायला लागली. एखादी बाई दगावलीच तर त्या मृत्यूची चौकशी बसते, कुठं उशीर झाला, कुणी काय दिलं, काय नव्हतं. सरकारच्याच नमुना नोंदणीचे आकडे आहेत, २००४-०६ ला महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागं १३० माता दगावायच्या, २०१८-२० ला तो आकडा ३३ वर आला. एकट्या ट्रेनिंगमुळं झालं असं मी म्हणत नाही, बाया दवाखान्यात यायला लागल्या, गाड्या मिळायला लागल्या, रक्त मिळायला लागलं. पण आलेल्या बाईला काय करायचं हे तिथल्या माणसाला माहीत नसतं तर नुसती गाडी काय कामाची होती?

आणि कॅज्युअल्टीत? तिथं भिंतीवर चार्ट नाही, असला तर पिवळा पडलेला. घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचे सेल गेलेले, सक्शन मशीनचा पाइप गायब, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुणाकडं आहे ते शोधत फिरायचं. माणूस मेला तर पोस्टमार्टेम होतं, पोलीस पंचनामा होतो, पण डॉक्टर-सिस्टरनं एकत्र बसून आपलं कुठं राहिलं हे बघायची काही पद्धत मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. बाईच्या बाळंतपणाला जे मिळालं ते तिच्या साप चावलेल्या नवऱ्याला, औषध पिलेल्या भावाला मिळायला काय हरकत आहे?

डॉक्टरांना शिकायची सक्ती नाही असं पण नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्याला ३० क्रेडिट अवर्स, म्हणजे शिक्षणाचे मोजलेले तास, लागतेत. नियम चांगलाय. पण मी जे बघितलं ते असं की हे तास भरतेत संभाजीनगरला नाहीतर पुण्याला, रविवारी, हॉटेलच्या हॉलमधी, विषय डायबेटीसच्या नव्या गोळ्या नाहीतर अजून कुठल्या तरी स्पेशालिटीचा, आणि तालुक्याच्या एकट्या डॉक्टरनं तिथं जायचं म्हटलं तर इथं दवाखाना कुणाच्या भरवशावर सोडायचा? मंग तो जातो धावतपळत, तास भरून येतो, आणि सोमवारी रात्री विषबाधेचा पेशंट आला की त्याच्या हातात काही नवीन आलेलं नसतं. याला मी त्या डॉक्टरचा दोष म्हणणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे, त्या ३० तासांतले ठराविक तास तरी इमर्जन्सीचे आणि तेही हातानं करून दाखवायचे, असे सक्तीचे करा, आणि ते डॉक्टरला बोलावून नाही तर डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन द्या.

शिकवायला माणसं कुठून आणायची असं विचारतील. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. संभाजीनगरची घाटी आणि बीड जिल्ह्यातली अंबाजोगाई जुनी, अंबाजोगाईचं तर कॉलेजच ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेलं, नांदेड-लातूर आहेत, आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली पण झाले. प्रत्येक कॉलेजनं आपल्या जिल्ह्यातले तालुके वाटून घ्यावेत, मेडिसिनचा एक, भूलशास्त्राचा एक असे दोघं जण पुतळा घेऊन एका ग्रामीण रुग्णालयात जावेत, आजूबाजूच्या पीएचसीवाल्यांना तिथं बोलवावं, दुपारी ओपीडी संपल्यावर दोन-तीन तास. यात एकट्या डॉक्टरला शिकवून भागत नाही. ॲट्रोपिन फोडून भरून देणारी सिस्टर असते, मास्क धरणारा कक्षसेवक असतो, सगळ्यांना एकत्र उभं करून करून घ्या, कोण डोक्याशी, कोण सलाइन लावणार, कोण वेळ लिहिणार. आणि एकदा करून सोडून देऊ नका, छाती दाबायचं शिकलेलं सहा महिन्यांत हातातून जायला लागतं हे शिकवणारेच सांगतेत, म्हणून मधल्या काळात महिन्यातून एकदा आपली आपण रंगीत तालीम.

असं करणारा एक मेडिकल ऑफिसर मी बघितला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. नांदेडला जाऊन थोडं शिकून आला आणि दर महिन्याला दुपारी चहाच्या आधी आम्हाला उभं करायचा, ‘सिस्टर, पेशंट आलाय, फेस आहे, काय करायचं, बोला’. सुरुवातीला आम्हाला लाज वाटायची. पण त्याच्या काळात आमच्या इथून विषबाधेचा पेशंट पहिला डोस घेतल्याशिवाय गाडीत चढला नाही. त्याची बदली झाली आणि ते बंद पडलं, कारण ते त्याच्या मनावर होतं, नियमात नव्हतं.

आणखी एक, हे ट्रेनिंग एमबीबीएसपुरतं ठेवू नका. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, ९३७ गाड्यांनी राज्यात सुरुवात झाली, त्यात डॉक्टर असतो आणि तो बहुतेक वेळा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा, असतो. गावात रात्री दार उघडणारा डॉक्टर पण बीएएमएस नाहीतर बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा. कुणी कुठलं औषध लिहावं हा वाद संघटना आणि कोर्ट बघून घेतील, पण मरायला टेकलेला माणूस डिग्री विचारत नाही, जवळचं दार वाजवतो. त्या दारातल्या डॉक्टरला निदान ओळखता यावं, श्वास धरून ठेवता यावा आणि चुकीचं काही देऊ नये एवढं तर त्याला शिकवायलाच पाहिजे.

आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, कोकणात महाडकडं काम करताना लाल विंचवानं पटापट माणसं मरताना बघितली, पेशंटच्या उशाशी बसून रात्र-रात्र बीपी, नाडी लिहून काढली आणि प्राझोसिन ही साधी बीपीची गोळी त्यावर चालते हे दाखवून दिलं, मृत्यूचं प्रमाण कुठल्या कुठं खाली आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला विचाराल तर खरी गोष्ट पुढची आहे, ती गोळी माहीत असलेला डॉक्टर ज्या गावात असेल त्या गावात माणूस वाचतो, नसेल तिथं गोळी मेडिकलमधी असून मरतो.

जागाच भरलेल्या नाहीत तर ट्रेनिंग कुणाला देता असं काही जण म्हणतील. जागा भरायलाच पाहिजेत, त्यासाठी वेगळं भांडू. पण आज जो एकटा आहे त्यालाच जास्ती गरज आहे, कारण त्याला विचारायला शेजारी कुणी नाही. आणि जो डॉक्टर शिकलेला असतो तो नातेवाईकांना पण कमी घाबरतो. काय चाललंय ते तो करता करता सांगतो, लोकांना दिसतं की माणूस झटतोय. हात बांधून गाडीची वाट बघणारा डॉक्टर दिसला की जमाव खवळतो, मारहाणीचे प्रसंग असेच सुरू होताना मी बघितलेत.

केंद्र सरकारनं मार्च २०२४ मधी सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून, नोव्हेंबरमधी राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करा म्हणून कळवलं. आराखडा दिल्लीत झाला, त्यातलं आपल्या जिल्ह्यात काय आलं हे कुणी तरी विचारायला पाहिजे, आणि ते आपल्या पेपरनं विचारावं म्हणून हे एवढं लांब पत्र लिहिलं.

तुमच्या तालुका वार्ताहरांना एवढंच सांगा, पुढच्या वेळी अशी बातमी आली की नातेवाईकांचा आरोप जरूर छापा, पण जिल्हा शल्यचिकित्सकांना फोन करून तीन गोष्टी विचारा आणि त्यांचं उत्तर त्याच बातमीत छापा. पेशंट पुढं पाठवायच्या आधी पहिला डोस दिला होता का. त्या दवाखान्यात शेवटचं इमर्जन्सीचं ट्रेनिंग कोणत्या तारखेला झालं आणि त्याला कोण कोण हजर होतं. आणि या मृत्यूवर डॉक्टर-सिस्टरची बैठक कधी बसणार आहे. आठही जिल्ह्यांत विचारा.

पत्र लांबलं, जागेप्रमाणं कमी केलं तरी चालेल, पण ॲट्रोपिनचा हिशोब आणि बाळंतपणाच्या खोलीचं तेवढं कापू नका ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका,
जि. परभणी
(नाव छापू नये)